लाल डोंगरावर नेमकं काय घडलं? मोरोविंडचा इतिहास वाचायचा कसा

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेबद्दलचा प्रश्न असा आहे: "स्कायरिम दोनदा पूर्ण खेळलो. दुसऱ्या वेळी त्यातली पुस्तकं वाचायला घेतली, तर एक पुस्तक दुसऱ्याला खोटं पाडतं. तास-तासभराचे व्हिडिओ पाहिले, नावांची नुसती गर्दी झाली. आता मोरोविंड खेळायचं ठरवलंय. या जगाचा इतिहास नीट समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करू, आणि खरं कोणतं मानू?"

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. 'खरं कोणतं' हे सुटायला लागलं की 'सुरुवात कुठून' हे आपोआप कळतं.

मोरोविंड 2002 साली आला. माझ्या हाती तो दोन वर्षं उशिरा लागला, हॉस्टेलवरच्या एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. तेव्हा मी इतिहासात एम.ए. करत होतो. दिवसा बखरी आणि पत्रव्यवहार समोरासमोर ठेवून वाचायचे, रात्री मित्र झोपला की गेम. पहिल्या महिन्यात माझीही तुमच्यासारखीच अवस्था झाली होती. मग एका रात्री लक्षात आलं की दिवसा जे काम करतो, तेच इथे करायचं आहे. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना जास्त वजन दिलं, पण बखरी जाळून टाकल्या नाहीत. बखर कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे विचारलं की बखरही बोलायला लागते. एल्डर स्क्रोल्स मालिकेतली पुस्तकं अशीच वाचायची. गेममध्ये सापडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाला त्या जगातलाच लेखक आहे, आणि त्या लेखकाला त्या जगातलाच धर्म, धनी आणि भीती आहे. हे गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या लेखकांनी हे जाणूनबुजून केलं आहे. 1998 मध्ये रेडगार्ड या गेमसोबत त्यांनी साम्राज्याची माहिती देणारी एक छापील पुस्तिका दिली होती. मजकूर सगळा साम्राज्याची आरती ओवाळणारा, आणि त्याच पानांवर शत्रुपक्षाच्या कुणा एल्फनं संतापून लिहिलेले शेरे. वाचकानं दोन्ही एकदमच वाचायचे. तिथून पुढे या मालिकेत निवेदकाच्या तोंडून येणारं निखळ सत्य असं फारसं उरलंच नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: 'सगळा लोर' समजून घ्यायला निघू नका. लोर, म्हणजे गेममधल्या जगाचा इतिहास आणि दंतकथा, हा शब्द आपण खेळणारे सर्रास वापरतो, पण त्यानं एखादा बंद पेटारा असावा आणि तो एकदा रिकामा केला की झालं, असं वाटायला लागतं. त्याऐवजी एक प्रश्न घ्या. एकच. आणि त्याच्यामागे लागा.

स्कायरिम तुमच्या हातात आहेच, तर सराव तिथेच करा. प्रश्न घ्या उल्फ्रिक स्टॉर्मक्लोकचा. चौथ्या युगाच्या 176 व्या वर्षी मार्कार्थ शहरात त्यानं काय केलं? साम्राज्य आणि एल्फ यांच्यातल्या महायुद्धाच्या धामधुमीत रीच या भागाच्या मूळ रहिवाशांनी ते शहर घेतलं होतं आणि दोन वर्षं तिथे राज्य केलं होतं. उल्फ्रिकनं माणसं जमवून ते परत जिंकलं. इतकं सगळ्यांना मान्य आहे. पुढे 'मार्कार्थचं अस्वल' या अर्थाच्या नावाचं पुस्तक सांगतं की शहर जिंकल्यावर त्यानं शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. पुस्तकाचा लेखक साम्राज्याचा विद्वान आहे, आणि उल्फ्रिक साम्राज्याविरुद्ध बंड करून उठलेला. उल्फ्रिकच्या लोकांना विचारा, ते सांगतील की टालोस देवाची पूजा करू देण्याचं वचन देऊन त्याला लढायला लावलं आणि काम झाल्यावर तुरुंगात टाकलं. मग थालमोरच्या, म्हणजे महायुद्धातल्या त्या एल्फांच्या सत्ताधाऱ्यांच्या, वकिलातीत शिरा आणि त्याच्यावरची गुप्त फाइल चोरून वाचा. ती कुणाला दाखवण्यासाठी लिहिलेली नाही, म्हणून तिचं मोल वेगळं. त्यात दिसतं की युद्धात तो थालमोरच्या कैदेत होता, राजधानी आपण फोडलेल्या माहितीमुळे पडली असं त्याच्या मनावर ठसवलं गेलं, आणि थालमोरला ना त्याचा पराभव हवा आहे ना विजय, नुसतं यादवी युद्ध लांबायला हवं आहे.

एवढ्यावर थांबू नका. सिडना खाणीच्या तुरुंगात ब्रेग नावाचा कैदी आहे. त्याच्याशी बोला. त्याच्या मुलीनं बापाऐवजी मला घ्या म्हणून विनवलं, तर बापासमोर तिचं डोकं उडवलं आणि वर त्यालाही खाणीत टाकलं. त्यानं पुस्तक लिहिलेलं नाही, त्याची फाइलही नाही. मार्कार्थबद्दल तुम्ही कुठल्याही बाजूनं मत बनवत असाल तर ब्रेगला वगळून बनवू नका. मी पहिल्यांदा त्याच्याशी बोललो तेव्हा गेम तिथेच थांबवून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आता कामाची पद्धत. मी वही ठेवतो, कागदाचीच. प्रत्येक साधनासमोर चार गोष्टी लिहितो: सांगणारा कोण, तो कोणाला सांगतोय, घटनेपासून किती लांब उभा आहे, आणि हे खरं ठरलं किंवा खोटं ठरलं तर त्याचं काय जातं. चौथी गोष्ट सगळ्यात उपयोगाची. शिवाय पुस्तक कुठे सापडलं तेही टिपून ठेवा. मंदिराच्या ग्रंथालयातल्या फडताळावरची प्रत आणि तस्कराच्या गुहेत उशाखाली सापडलेली प्रत, मजकूर अक्षरशः तोच असला तरी, दोन वेगळ्या बातम्या देतात. म्हणून पुस्तक मिळालं की ते झोळीत टाकून पुढे पळू नका. तिथेच उघडा, मग खोली बघा.

खोली बघा म्हणजे काय, ते फ्रॉस्टफ्लो दीपगृहात जाऊन कळेल. समुद्र दिसावा म्हणून दीपगृह घेऊन तिथे राहायला आलेलं रेडगार्ड वंशाचं एक कुटुंब. घरात रक्त, तळघराच्या भिंतीला पडलेलं भगदाड, आणि त्यापलीकडे बर्फातल्या गुहा. नवरा, बायको, मुलं यांच्या डायऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या. त्या कोणत्या क्रमानं सापडतात त्यावर तुमच्या मनात गोष्ट कशी उभी राहते ते ठरतं. शेवटी त्या बापाचे अवशेष सापडले तर ते दीपगृहाच्या वरच्या आगीत ठेवता येतात. टॅम्रिएलच्या, म्हणजे हे सगळे गेम जिथे घडतात त्या खंडाच्या, राजकारणाशी त्या घराचा काहीही संबंध नाही. पण वस्तू वाचायला शिकण्यासाठी त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसरी जागा मार्कार्थच्या किल्ल्यातली कॅल्सेल्मोची प्रयोगशाळा. तिथे एक मोठा शिलालेख आहे, एकच मजकूर दोन प्राचीन भाषांत कोरलेला, त्यातली एक फॉल्मरांची. चोरांच्या संघाच्या कथेत तुम्हाला कोळसा आणि कागदाची गुंडाळी घेऊन त्या दगडाचा ठसा घ्यावा लागतो. ताम्रपट-शिलालेखांचे ठसे घेणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे हे दृश्य माझ्या फार आवडीचं. आणि ज्यांची ती भाषा, त्या फॉल्मरांना आपण तोवर तळघरातले आंधळे राक्षस म्हणून शेकड्यांनी मारलेलं असतं. ते कधीकाळी हिम-एल्फ होते, ड्वेमर या दुसऱ्या एल्फांकडे आसऱ्याला गेले आणि त्या आसऱ्याच्या बदल्यात त्यांना विषारी बुरशी खाऊन डोळे गमवावे लागले, हे डॉनगार्ड या स्कायरिमच्या जोडभागाच्या कथेत गेलेबोर सांगतो. ते ऐकून परत एखाद्या ड्वेमर अवशेषात उतरा. तीच खोली वेगळी दिसते.

आता मोरोविंड. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण या कामासाठी याहून चांगला गेम मी पाहिलेला नाही.

नकाशावर कुठे जायचं ते दाखवणारा बाण यात नाही. माणसं तोंडी रस्ता सांगतात: अमुक पूल ओलांडा, डावीकडच्या पायवाटेनं वर जा, दोन दगडांमध्ये दार आहे. म्हणजे ऐकावंच लागतं. आणि मुख्य कथेचा पहिला मोठा भाग हे चक्क मौखिक इतिहास गोळा करण्याचं काम आहे. बॅलमोरा गावातला साम्राज्याचा हेर कायस कोसॅडेस तुम्हाला माहिती आणायला पाठवतो. आधी गावातल्याच दोन जाणकारांकडे. ते फुकट बोलत नाहीत: एकाला ड्वेमर अवशेषातली कोड्याची पेटी हवी, दुसरीला थडग्यातली कवटी. मग व्हिवेक शहरातले तीन खबरे. त्यात मेहरा मिलो ही मंदिराच्या ग्रंथालयातली पुजारीण. मग ॲल्ड-रून गावात हसूर झैनसुबानी, जो मूळचा ॲशलँडर, म्हणजे राखेच्या माळावरच्या भटक्या टोळ्यांतला. त्याच्याकडे जाताना हात हलवत जाऊ नये, काहीतरी भेट न्यावी. त्याला कविता आवडते, म्हणून कवितांचं पुस्तक. पहिल्यांदा खेळताना मला हे भेटवस्तूचं प्रकरण उगाचचा फेरा वाटलं होतं. नंतर खेड्यापाड्यांत म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या हकिगती लिहून घ्यायला लागलो तेव्हा पटलं. माणूस आपल्यासाठी काय घेऊन आलाय, त्यानं आपली चौकशी केलीये का, यावर समोरचा किती आणि काय सांगेल हे ठरतं.

प्रश्न इथे एकच आहे आणि तो तुम्हाला गेमच देतो: लाल डोंगरावर नेरेवार कसा मेला?

घटना पहिल्या युगाच्या 700 व्या वर्षीची मानली जाते. गेम घडतो तिसऱ्या युगाच्या 427 व्या वर्षी. मधे साडेतीन हजार वर्षं. नेरेवार हा चिमर लोकांचा सेनापती. लढाई ड्वेमरांशी, म्हणजे डोंगराखाली राहणाऱ्या, यंत्रं घडवणाऱ्या एल्फांशी. त्यांच्या कागरेनॅकला डोंगराच्या पोटात लॉर्खान देवाचं हृदय सापडलं होतं आणि त्यातली शक्ती काढून घेण्यासाठी त्यानं तीन हत्यारं बनवली होती. लढाई संपली तेव्हा ड्वेमर नाहीसे झाले होते, नेरेवार मेला होता, आणि पुढे त्याचे तीन सल्लागार, आल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक (वरच्या शहराला याचंच नाव), देव म्हणून पुजले जाऊ लागले. त्या तिघांचं मंदिर मोरोविंड प्रांतावर राज्य करतं. आता 'त्याचं काय जातं' हा चौथा प्रश्न लावून बघा. मंदिराची सगळी सत्ता या एका मृत्यूच्या हकिगतीवर उभी आहे.

मंदिर सांगतं, नेरेवार लढाईतल्या जखमांनी गेला आणि ते तिघे आपल्या पुण्याईनं देवत्वाला पोचले. ॲशलँडर सांगतात, तिघांनी त्याला मारलं: अझुरा देवीला आवाहन करण्याच्या विधीत मेणबत्त्यांना विष, वस्त्रांना विष, मंत्रांनाही विष. आणि म्हणून अझुरानं शाप दिला आणि चिमरांची कातडी राखेसारखी, डोळे लाल झाले. ॲशलँडरांना ही हकिगत नेरेवारचा ढालकरी अलांड्रो सुल यानं सांगितली असं ते मानतात. म्हणजे प्रत्यक्ष साक्षीदार, पण मग साडेतीन हजार वर्षांचं पाठांतर. तिसरी हकिगत खुद्द व्हिवेकच्या तोंडची, मंदिरातून फुटून निघालेल्या पुजाऱ्यांनी जपलेली. तीत खून नाही, पण कबुली आहे: हत्यारं वापरायची नाहीत अशी शपथ घेतली होती, नेरेवारच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती मोडली, देवत्व हृदयातून काढून घेतलं. हे पुजारी होलामायन मठात लपून आहेत, आणि त्या मठाचं दार फक्त पहाटे आणि संध्याकाळी उघडतं. मी पहिल्यांदा भर दुपारी पोचलो आणि दगडासमोर बसून राहिलो. चौथी बाजू डागोथ उरची, ज्याला मारायला सगळे तुम्हाला पाठवत असतात. त्याचं म्हणणं, हृदयाची आणि हत्यारांची राखण करायला नेरेवारनंच सांगितलं होतं, मी ती केली, आणि त्याबद्दल मलाच मारलं गेलं. त्याच्याशी बोलताना घाई करू नका. तो तुमच्याशी नेरेवार समजून बोलतो, जुन्या मित्राशी बोलावं तसा.

आता या चारांतलं खरं कोणतं? वहीत बघा. व्हिवेकच्या हकिगतीत स्वतःचं नुकसान करणारी कबुली आहे. साक्षीदार स्वतःविरुद्ध बोलतो तेव्हा तेवढा भाग सहसा जास्त विश्वासाचा धरतात. पण छोटी चूक कबूल करून मोठी झाकण्याचीही माणसाला सवय असते. इथपर्यंत तुमचं काम आलं की 'व्हिवेकचे छत्तीस धडे' घ्या. मायकेल कर्कब्राइड यांनी लिहिलेल्या या छत्तीस पोथ्या गेमभर विखुरलेल्या आहेत. भाषा अवघड, प्रतिमा एकावर एक रचलेल्या. त्यांतल्या काही उघडल्या की पात्राचं कौशल्य वाढतं, म्हणून बहुतेक खेळाडू उघडतात आणि लगेच मिटतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

छत्तिसाव्या धड्याच्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं अक्षर इंग्रजी मजकुरातून काढून ओळीनं मांडा. 'फाउल मर्डर' असे शब्द तयार होतात. आणि एकोणतिसाव्या धड्यात आकड्यांची एक यादी आहे. एक ते छत्तीस धड्यांत त्या-त्या आकड्याचा शब्द मोजून काढला की एक सलग मजकूर बाहेर येतो: व्हिवेक जन्मतः देव नव्हता, हा गुन्हा त्यानं नशिबानं नाही तर स्वतःच्या मर्जीनं केला, देवत्व चोरलं आणि सेनापतीचा खून केला; आणि हे लिहिणारा व्हिवेकच आहे. आपल्याकडे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, परक्याच्या हाती पडले तरी कळू नयेत म्हणून. व्हिवेकनं उलट केलं आहे. मंदिरानं वाटलेल्या, घराघरांत पोचलेल्या पोथीतच गुन्हा लिहून ठेवला, जो मोजत बसेल त्याच्यासाठी. मी ते शब्द पेन्सिलनं एकेक करून उतरवले तेव्हा पहाट झाली होती. आजही सांगतो, हे व्हिडिओत पाहू नका. आता मी सांगून बसलोय खरा, पण मोजून काढण्याचं काम तरी तुमच्या हातानं करा.

यानं प्रश्न मिटतो का? माझ्या मते खुनाची बाजू बळकट होते, आणि मी त्याच बाजूचा आहे. पण माझ्याइतकीच वर्षं या जगात घालवलेले काही मित्र म्हणतात की हीसुद्धा व्हिवेकनं स्वतःबद्दल रचलेली आणखी एक कथा आहे. त्यांच्याशी माझा वाद चालूच आहे. गेम निकाल देत नाही. मोरोविंडचे मुख्य डिझायनर केन रोल्स्टन टेबलावरच्या भूमिका-खेळांच्या लेखनातून आलेले. टेबलावर खेळवणाऱ्याला ठाऊक असतं की समोरच्यांच्या हाती थोडं कमी दिलं तर ते स्वतः बोलायला लागतात.

ड्वेमरांचं काय झालं, हा त्याच डोंगरावरचा दुसरा प्रश्न. तो लगेच घेऊ नका, पण घ्याल तेव्हा एवढं करा. टेल फिर या मनोऱ्याखाली कॉर्प्रस रोग्यांसाठी असलेल्या जागेत याग्रम बागार्नला भेटा. तो शेवटचा जिवंत ड्वेमर मानला जातो. सगळे नाहीसे झाले तेव्हा तो दुसऱ्या एका लोकात होता, परत आला तर कोणी नाही. त्यालाही उत्तर माहीत नाही. नंतर स्कायरिममध्ये विंटरहोल्डच्या विद्यापीठात आर्निएल गेनची सगळी कामं पूर्ण करा. कागरेनॅकच्या हत्यारांपैकी एक, कीनिंग, तो एका आत्मरत्नावर मारून पाहतो. पुढे काय होतं ते बघाच, आणि मग याग्रमच्या बोलण्यावरची टिपणं पुन्हा काढा. दोन गेममध्ये नऊ वर्षांचं अंतर आहे, त्यातल्या जगात दोनशेहून अधिक वर्षांचं, आणि दुवा फक्त तुमच्या वहीत जुळतो.

आता व्हिडिओ आणि विकीबद्दल. ते वाईट नाहीत, कष्टानं केलेले आहेत, मी स्वतः संदर्भ तपासायला वापरतो. अडचण अशी की ते सगळ्या साधनांचा एकच रस काढून देतात. "नेरेवारला तिघांनी मारलं" असं एका वाक्यात सांगितलं की ते कुणी सांगितलं हेच पुसलं जातं, आणि मग तुम्हाला नावांची गर्दी वाटते. म्हणून आधी स्वतः वाचा, अडलात तर विकीवर त्या पुस्तकाचा मूळ मजकूर काढा, आणि सारांश सगळ्यात शेवटी. गेमबाहेर, लेखकांनी नंतर लिहिलेलं बरंच साहित्यही फिरत असतं. काही फार सुंदर आहे. पण त्याचा गठ्ठा वेगळा ठेवा, गेममधल्या साधनांत मिसळू नका.

काही विसंगती मात्र लेखकांच्या स्वतःच्या अडचणीतून आल्या आहेत, त्याही ओळखता आल्या पाहिजेत. 1996 च्या डॅगरफॉल या गेमला अनेक शेवट होते. पुढच्या गेमसाठी त्यातला एक निवडायचा तर बाकीचे खेळाडू दुखावणार. म्हणून त्यांनी ठरवलं की तिसऱ्या युगाच्या 417 व्या वर्षी काळच फाटला आणि सगळे शेवट एकदम घडले. या जगातले लोक अशा घटनेला ड्रॅगन तुटला असं म्हणतात. तसंच सायरोडील या प्रांताचं. जुन्या पुस्तिकेत ते घनदाट जंगल आहे, आणि 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये पाहावं तर हिरवी कुरणं. त्यावर नंतर देवाच्या कृपेनं प्रदेश पालटल्याची कथा आली. मला पहिला उपाय मनापासून आवडतो, दुसरा ओढूनताणून आणलेला वाटतो. तुमचं मत वेगळं असू शकेल.

तर सुरुवात. स्कायरिममध्ये एक आठवडा मार्कार्थला द्या, वर सांगितलं तसं. नंतर मोरोविंड. सेडा नीनला बोटीतून उतरलात की कचेरीत तुम्हाला कायस कोसॅडेसपर्यंत पोचवायचं एक पाकीट मिळेल. बहुतेक जण ते न उघडता नेऊन देतात. तुम्ही उघडून बघा. आत सगळा मजकूर सांकेतिक आहे, काही कळणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून एवढंच लिहा की असा कागद मिळाला. बऱ्याच दिवसांनी, खबऱ्यांकडची कामं उरकल्यावर, कायस त्या कागदाचा उलगडा तुमच्या हातात ठेवेल. तेव्हा तो उभ्यानं वाचू नका. बसा, आणि पहिल्या ओळीपासून वाचा, कारण तो कागद तुमच्याचबद्दल आहे.